हायकूवर पोर्ट होईल का? तपासणीच्या दोन संध्याकाळी

एखादा मुक्तस्रोत प्रोग्रॅम हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणता, म्हणजे पोर्ट करता, येईल का हे बघायचं म्हटलं की बहुतेक जण सोर्स उतरवतात, कॉन्फिगर आणि मेक चालवतात आणि पहिली एरर आली की ती दुरुस्त करायला बसतात. मग दुसरी, मग तिसरी. अशा पंचवीसएक एरर निस्तरल्यावर कळतं की सव्विसावीच्या मागे एक अख्खी लायब्ररी उभी आहे, ती हायकूवर नाहीच आणि तिला पर्यायही नाही. तोवरची सगळी मेहनत पाण्यात. तपासणी आणि पोर्टिंग ही दोन निराळी कामं आहेत, आणि तपासणीत कंपायलरची पाळी सगळ्यात शेवटी येते.

ज्यांनी हायकू नुसतं नावाने ऐकलं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बी कंपनीची बीओएस ही सिस्टिम २००१ साली पामच्या ताब्यात गेली, त्याच वर्षी तिचा मुक्त अवतार घडवायचं काम ओपनबीओएस या नावाने सुरू झालं आणि २००४ मध्ये त्याचं हायकू झालं. पाचवी बीटा सप्टेंबर २०२४ ची. ३२ बिट आवृत्तीत दोन कंपायलर शेजारी शेजारी नांदतात: जुन्या बीओएसच्या बायनरी चालाव्यात म्हणून जीसीसी २.९५, आणि बाकी जगासाठी नवा जीसीसी. ६४ बिट आवृत्तीत फक्त नवा. तपासणी ६४ बिटवरच करावी. ३२ बिटवर टर्मिनल उघडल्याबरोबर ‘सेटआर्क एक्स८६’ द्यायला विसरलं तर १९९९ सालचा कंपायलर हातात येतो आणि आजच्या सी++ वर तो ज्या एरर ओकतो त्यांचा प्रोग्रॅमशी काही संबंध नसतो. त्यात ३२ बिटवर एका प्रोसेसला मिळणारी पत्त्यांची जागाच २ जीबी. टेम्प्लेटांनी लगडलेली सी++ फाइल कंपाइल होताना कंपायलर स्मृतीअभावी मरतो आणि दोष सोर्सचा वाटतो.

पहिली पायरी फुकटची आहे आणि तीच सगळे गाळतात: हे काम आधी कुणी केलंय का? हायकूपोर्ट्सच्या, म्हणजे हायकूवर आणलेल्या प्रोग्रॅमांच्या सामायिक प्रकल्पाच्या, रेपॉझिटरीत प्रोग्रॅमचं नाव शोधा. रेसिपी (पॅकेज कसं बिल्ड करायचं ते सांगणारी फाइल) सापडली तर तिच्यातली आर्किटेक्चर्सची ओळ वाचा. नावाआधी उद्गारचिन्ह म्हणजे तिथे ते मोडलेलं आहे, प्रश्नचिन्ह म्हणजे कुणी तपासलेलं नाही. जुन्या आवृत्तीची रेसिपी आणि सोबत पॅचसेट मिळाला तर अर्धी तपासणी झालीच, कारण नेमकं कुठे दुखतं ते त्या पॅचमध्ये लिहिलेलं असतं. मग मूळ सोर्समध्ये ‘हायकू’ आणि ‘बीओएस’ हे दोन शब्द ग्रेप करा, म्हणजे सगळ्या फाइलींत शोधा. पहिला सापडला तर आनंद. दुसरा सापडला तर जपून. बीओएसच्या पाचव्या आवृत्तीत सॉकेट हा फाइल डिस्क्रिप्टर नव्हता, तो बंद करायला वेगळं फंक्शन लागायचं. त्या काळासाठी लिहिलेल्या इफडेफच्या (सिस्टिम बघून वेगळा कोड निवडणाऱ्या अटींच्या) फांद्या हायकूच्या बऱ्याच चालू सोयी उगाच बंद करून ठेवतात. ‘हायकू म्हणजे बीओएसच की’ म्हणून ती फांदी उचलू नये. सर्वसाधारण पॉझिक्सची किंवा बीएसडीची फांदी घेऊन सुरुवात करावी.

आता डिपेंडन्सी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी. मेसन, सीमेक, ऑटोटूल्स, जे काही असेल त्याची फाइल उघडा आणि कागदावर तीन रकाने पाडा: डेपोत (हायकूच्या तयार पॅकेजांच्या कोठारात) आहे, डेपोत आहे पण जुनी आवृत्ती, डेपोत नाहीच. शोधायला ‘पीकेजीमॅन सर्च’ पुरतं. हेडरसकट हवं असेल तर पॅकेजच्या नावाऐवजी ‘डेव्हेल’, अपूर्णविराम (:) आणि लायब्ररीचं नाव असं मागता येतं. तिसऱ्या रकान्यातलं प्रत्येक नाव म्हणजे एक स्वतंत्र पोर्ट, आणि त्याची अशीच तपासणी वेगळी. ऐच्छिक डिपेंडन्सी आणि सक्तीची यांत फरक करा. पल्सऑडिओ, युडेव्ह, सिस्टिमडी ही नावं यादीत दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. ती बिल्डच्या पर्यायांतून बंद करता येतात का, एवढंच बघायचं. बंद करता येत नसतील आणि आवाज सोडायला पल्सऑडिओखेरीज मार्गच नसेल, तर हायकूच्या मीडिया किटसाठी नवा बॅकएंड लिहावा लागेल. एसडीएल किंवा ओपनएएल मधून आवाज जात असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

काही गोष्टींवर इथेच फुली मारावी. इलेक्ट्रॉनवर बांधलेला प्रोग्रॅम म्हणजे इलेक्ट्रॉन पोर्ट करणं आलं. त्याच्या अधिकृत बिल्ड विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठीच निघतात, आणि एका चॅट अ‍ॅपसाठी कुणी ते ओझं उचलू नये. गो भाषेच्या अधिकृत सिस्टिमांच्या यादीत हायकू नाही, त्यामुळे गोमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमचं उत्तर बहुधा प्रोग्रॅमकडे न बघताच मिळतं. रस्टचं तसं नाही. ६४ बिट हायकू तिथे तिसऱ्या श्रेणीचं लक्ष्य आहे, म्हणजे रस्टवाले स्वतः तयार बायनरी देत नाहीत पण हायकूचा कोड रस्टच्या मूळ सोर्समध्ये आहे आणि हायकूपोर्ट्समध्ये कंपायलर मिळतो. रस्ट प्रोग्रॅम तपासताना कार्गोची, म्हणजे रस्टच्या पॅकेज व्यवस्थापकाची, लॉक फाइल उघडा. तिच्यात ‘लिबसी’ नावाचा क्रेट (रस्टचं पॅकेज) फार जुना असेल, तर हायकूच्या नंतर भरलेल्या व्याख्या त्यात नसतात. बऱ्याचदा तेवढा एक क्रेट पुढच्या आवृत्तीवर नेला की पाच-सहा एरर एकदम गळून पडतात. सिस्टिमशी थेट बोलणारे बाकीचे क्रेट एकेक करून बघावे लागतात.

यानंतर सोर्समध्ये हायकूवर अडणाऱ्या शब्दांची झडती. ईपोल (घटनांची वाट बघायची लिनक्सची सोय), आयनोटिफाय, टायमरएफडी, सिग्नलएफडी, ‘लिनक्स’ फोल्डरातली हेडर, ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ ने सुरू होणारे पाथ, एक्स११, अल्सा. एकूण किती वेळा सापडले या आकड्याला काडीची किंमत नाही. कुठे सापडले ते महत्त्वाचं. ईपोल चाळीस वेळा पण एकाच फाइलीत, आणि शेजारी पोल किंवा सिलेक्टवर चालणारी दुसरी फाइल असेल, तर काम शून्य. तेच ईपोल सहा वेळा पण सहा वेगवेगळ्या मॉड्यूलांत, तर घटनाचक्राची मांडणीच बदलावी लागेल. प्रोग्रॅम लिबयूव्ही या घटना हाताळणाऱ्या लायब्ररीवर उभा असेल तर बरं, तिच्यात हायकूचा आधार मूळ सोर्समध्येच आहे आणि तो पोलवर चालतो. पण तिथेही फाइलींतल्या बदलांवर नजर ठेवायची सोय हायकूवर रिकामी आहे. म्हणजे ‘फाइल सेव्ह केली की आपोआप पुन्हा बिल्ड’ हेच ज्याचं काम, तो प्रोग्रॅम कंपाइल होईल, सुरू होईल आणि गप्प बसून राहील. हायकूत या कामासाठी नोड मॉनिटर नावाची स्वतःची सोय आहे, आणि ती चांगली आहे, पण तिचे निरोप मेसेजच्या रूपात येतात, फाइल डिस्क्रिप्टरवर नाही. हा जोड हाताने लिहावा लागतो. पाचव्या बीटापासून केक्यू लिबबीएसडीमधून मिळतं, तेव्हा बीएसडीसाठी लिहिलेली फांदी असेल तर ती आधी चालवून बघावी. मात्र तिचा भरवसा सॉकेट-पाइपांपुरताच ठेवावा.

‘प्रॉक-सेल्फ-एक्झी’ हा पाथ वाचून स्वतःचं ठिकाण शोधणारे प्रोग्रॅम बरेच. हायकूत प्रॉक नाही. प्रोसेसमध्ये चढलेल्या इमेजींची (बायनरी आणि लायब्ररींची) यादी विचारून त्यातल्या मुख्य इमेजचा पाथ घ्यायचा, हे दहा-बारा ओळींचं काम आहे. असे छोटे खड्डे मोजून ठेवावेत, पण निर्णय त्यांवर करू नये.

निर्णय फिरवणारा खड्डा दुसराच आहे, आणि तो ग्रेपमध्ये सहज दिसत नाही.

लिनक्सवर एररचे आकडे धन असतात. स्मृती संपली तर १२, चुकीचा आर्ग्युमेंट दिला तर २२. त्यामुळे सीमध्ये लिहिणाऱ्यांना एक सवय जडली आहे: फंक्शन यशस्वी झालं तर वाचलेल्या बाइट्सची संख्या परत करायची, फसलं तर ‘उणे एररनो’, म्हणजे एररच्या आकड्याला उणे लावून. बोलावणारा बघतो, शून्यापेक्षा कमी आलं का? आलं तर चूक. हायकूत मात्र एररचे आकडे मुळातच ऋण आहेत. चुकीच्या आर्ग्युमेंटचा आकडा आहे उणे २१४७४८३६४३. त्याला उणे लावलं की होतो अधिक २१४७४८३६४३. बोलावणारा बघतो, शून्यापेक्षा मोठं, छान, म्हणजे दोन अब्जांवर बाइट्स वाचले. आणि तेवढ्या बफरवर लूप चालू करतो. पुढे काय होतं ते सांगायला नको.

गंमत अजून पुढे आहे. स्मृती संपल्याचा आकडा उणे २१४७४८३६४८, म्हणजे ३२ बिट पूर्णांकात मावणारा सगळ्यात लहान. त्याला उणे लावल्यावर येणारी संख्या त्या पूर्णांकात मावतच नाही. सीच्या नियमाप्रमाणे हे अनिर्णित वर्तन, आणि प्रत्यक्षात बहुधा तोच ऋण आकडा परत मिळतो. म्हणजे एरर हाताळणी तपासायला कुणी मुद्दाम मॅलॉक फसवून बघितलं, तर चाचणी पास. चुकीचा आर्ग्युमेंट दिला तर क्रॅश. एकाच फंक्शनात एक एरर नीट हाताळली जाते आणि दुसरी नाही, आणि दोन दिवस माणूस भलत्याच ठिकाणी बग शोधत राहतो.

यावर उतारा आहे. हायकूसोबत ‘पॉझिक्स एरर मॅपर’ नावाची स्टॅटिक लायब्ररी येते आणि तिच्या जोडीला एक मॅक्रो द्यायचा असतो, धन एरर वापरा असं सांगणारा. दोन्ही दिलं की सिस्टिमच्या फंक्शनांकडून येणारे आकडे सीमेवरच धन होतात. पण अट अशी की त्या प्रोसेसमधला जो जो भाग एकमेकांशी एररचे आकडे बोलतो, त्या सगळ्याने एकच भाषा बोलावी. मुख्य प्रोग्रॅम मॅपरसह आणि त्याची लायब्ररी मॅपरविना अशी खिचडी झाली तर कॉलबॅकमधून ऋण आकडे परत आत शिरतात. त्याच फाइलीत हायकूचं स्वतःचं एपीआय वापरत असाल तर तिथले स्टेटस कोड ऋणच राहणार. म्हणून मॅपर लागणारा गाभा एकीकडे आणि हायकूशी बोलणारा पातळ थर दुसरीकडे, हे आधीच ठरवावं. तपासताना ‘रिटर्न’नंतर उणे चिन्ह आणि एररनो किंवा मोठ्या लिपीतला ‘ई’ हा नमुना शोधा. एररचा आकडा ॲरेचा इंडेक्स म्हणून वापरलाय का तेही पाहा (स्थिर तक्ता भरताना वापरला असेल तर तो कंपाइललाच फुटतो, म्हणजे निदान प्रामाणिकपणे फुटतो). आणि सगळ्यात वाईट, एररचा आकडा नेटवर्कवरून किंवा फाइलीत लिहून दुसऱ्या मशीनकडे जातो का? जात असेल तर मॅपर तरी लावा, नाहीतर पाठवताना तक्ता तरी वापरा.

लिंकरचं प्रकरण त्या मानाने किरकोळ, पण पहिल्या बिल्डमध्ये हमखास गाठ पडते. सॉकेटची फंक्शन्स सीच्या मुख्य लायब्ररीत नाहीत, ती लिबनेटवर्कमध्ये आहेत. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू सॉकेट’ दिसलं की घाबरू नये. ती लायब्ररी ‘लिब्स’ या चलात द्यावी, लिंकरच्या झेंड्यांत नाही. झेंडे ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतात, आणि त्या क्षणी कुणालाच सॉकेट लागत नसल्यामुळे स्टॅटिक लायब्ररी किंवा गरजेपुरतं जोडण्याचा पर्याय असेल तर ती वगळली जाते. उलट गणिताची फंक्शन्स आणि पीथ्रेड दोन्ही सीच्या त्या मुख्य लायब्ररीत, लिबरूटमध्येच आहेत, त्यासाठी वेगळं काही जोडायचं नसतं. मेकफाइलमध्ये हाताने जोडलं असेल तर ते काढून टाकावं. बीएसडीतली काही फंक्शन्स वेगळ्या लिबबीएसडीत आहेत, आणि त्यांची हेडरमधली घोषणा ‘बीएसडी सोर्स’चा किंवा ‘डिफॉल्ट सोर्स’चा मॅक्रो दिल्याशिवाय दिसत नाही. फंक्शन हेडरमध्ये डोळ्यांनी दिसतंय आणि कंपायलर मात्र नाही म्हणतोय, असं झालं तर हेच कारण.

कॉन्फिगर स्क्रिप्ट जुनी असेल तर ‘कॉन्फिग-गेस’ला ६४ बिट हायकू ओळखूच येत नाही आणि ती पहिल्याच पावलाला थांबते. त्याहून वाईट म्हणजे न थांबणारी. जुन्या लिबटूलला या सिस्टिमवर शेअर्ड लायब्ररी कशी बनवायची ते माहीत नसेल तर ते तक्रार न करता फक्त स्टॅटिक बनवतं, आणि प्लगइनवर चालणारा प्रोग्रॅम प्लगइनांविना तयार होतो. उपाय ठरलेला आहे: लिबटूलाइझ सक्तीने, मग एक्लोकल, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक. ते चालत नसेल, म्हणजे मूळ ‘कॉन्फिगर-एसी’ इतकी जुनी असेल की आजचं ऑटोकॉन्फ तिला नाकारतं, तर त्या प्रकल्पात शेवटचा कमिट कधी झाला ते एकदा बघून घ्या.

फाइल सिस्टिमबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्या. एक, बीएफएसवर, म्हणजे हायकूच्या फाइल सिस्टिमवर, हार्ड लिंक नाहीत. इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एकच बायनरी तीन नावांनी हार्ड लिंक केली असेल तर तिथे सिमलिंक करा, एवढ्यावर भागतं. पण लॉक फाइल बनवायला किंवा फाइल अणुरूपाने बदलायला प्रोग्रॅम हार्ड लिंकची युक्ती वापरत असेल, जुने मेल प्रोग्रॅम हे करतात, तर तो तर्क बदलावा लागेल. दोन, सिस्टिमचा भाग फक्त वाचता येतो. पॅकेज ही एक फाइल असते, ती पॅकेजेस फोल्डरात टाकली की तिच्यातला मजकूर जागच्या जागी दिसू लागतो, पण त्यात लिहिता येत नाही. आपल्याच फोल्डरात कॅश, प्लगइन किंवा डेटाबेस लिहिणारा प्रोग्रॅम ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ म्हणून पडतो. लिहायला जागा ठरलेल्या आहेत: सेटिंग्ज, कॅश, व्हार आणि नॉन-पॅकेज्ड. पाथ सोर्समध्ये किती ठिकाणी कोरलेले आहेत ते मोजा. एका हेडरमध्ये असतील तर पाच मिनिटं, पन्नास फाइलींत असतील तर अवघड. चाचणीसाठी थेट रूटखाली नवी फोल्डरं बनवून इन्स्टॉल करू नये. रूट ही नुसती स्मृतीतली फाइल सिस्टिम आहे, तिथे बनवलेलं रीबूटनंतर उरत नाही. घरच्या फोल्डरात एक वेगळा प्रीफिक्स द्यावा. आणि तिथल्या लायब्ररी सापडाव्यात म्हणून जो पर्यावरण-चल द्यायचा त्याचं नाव नुसतं ‘लायब्ररी पाथ’ आहे, लिनक्ससारखं आधी ‘एलडी’ नाही. चाचणीच्या स्क्रिप्टी नेमक्या इथे फसतात आणि खापर पोर्टवर फुटतं.

हायकूत एकच वापरकर्ता आणि त्याचा क्रमांक शून्य. ‘मी रूट म्हणून चालणार नाही’ असा बाणा असलेले प्रोग्रॅम, व्हीएलसी किंवा पोस्टग्रेसचा सर्व्हर, आल्या पावली परत जातात. ती तपासणी काढायला दोन ओळी पुरतात. प्रश्न वेगळा आहे: सर्व्हर प्रोग्रॅमची सगळी सुरक्षा ‘सुरू झाल्यावर हक्क सोडून द्यायचे’ या एका युक्तीवर उभी असेल, तर ती युक्ती इथे नाटकापुरती उरते. पोर्ट होतो, पण इंटरनेटवर उघडा ठेवायला तो द्यावा का, हे रेसिपीच्या वर्णनात स्पष्ट लिहावं.

स्मृतीबाबत एक अडचण भाषांच्या रनटाइमांना हटकून येते. लिनक्सवर कित्येक जीबींचा पत्त्यांचा पट्टा आधी राखून ठेवायचा आणि लागेल तसा वापरायचा, हे सर्रास चालतं. हायकू मात्र मागितलेली स्मृती देता येईल का हे मागतानाच तपासतं. ४ जीबीच्या मशीनवर १६ जीबी राखायला गेलं की सरळ नकार. एमॅपला ‘नो रिझर्व्ह’चा झेंडा दिला तर बहुतेक वेळा मार्ग निघतो, पण जिथे जिथे पट्टा राखला जातो ती प्रत्येक जागा शोधायला हवी. कचरा गोळा करणारे रनटाइम आणि जावास्क्रिप्टची इंजिनं तपासताना हा शोध आधी घ्या.

पडद्यावर खिडकी उघडणारा प्रोग्रॅम असेल तर चार वाटा आहेत आणि चारींची किंमत सारखी नाही. एसडीएल२ वर चालणारा द्विमितीय खेळ सगळ्यात स्वस्त. क्यूटी दुसऱ्या क्रमांकावर. क्यूटी ५ आणि ६ दोन्ही आहेत आणि साधा विजेट प्रोग्रॅम बहुधा मुकाट्याने बिल्ड होतो. जीटीके ३ हे एक्सलिब या, एक्सचं (लिनक्सवरच्या खिडक्यांच्या व्यवस्थेचं) सोंग घेणाऱ्या थरावरून चालतं. चालतं, पण सफाईची अपेक्षा ठेवू नये, आणि प्रोग्रॅम स्वतः एक्सच्या आडवाटांनी जात असेल तर तपासणीत त्याला जास्तीचे गुण कापावेत. त्रिमितीय असेल तर ओपनजीएल मिळतं, पण मेसा ते प्रोसेसरवर रंगवतं. मॉडेल बघायचा प्रोग्रॅम चालेल, शर्यतीचा खेळ रडत खडत.

चौथी वाट म्हणजे हायकूचं स्वतःचं इंटरफेस किट. ती दिसायला सगळ्यात देखणी आणि हिशेबाला सगळ्यात महाग. इथे प्रत्येक खिडकीचा स्वतःचा थ्रेड असतो आणि दुसऱ्या थ्रेडातून तिला हात लावायचा तर आधी कुलूप घ्यावं लागतं. एका थ्रेडात सगळं गुंडाळलेला प्रोग्रॅम या साच्यात बसवणं म्हणजे गाभ्यालाच हात घालणं. एम्युलेटर किंवा मीडिया प्लेयरसारखा गाभा आणि तोंडवळा वेगळा ठेवलेला प्रोग्रॅम असेल, तरच या वाटेला जावं.

मराठी वाचकांसाठी इथे एक बाब वेगळी सांगायला हवी. हायकूचा स्वतःचा अक्षर रंगवणारा भाग देवनागरीची जुळवाजुळव करत नाही. फाँटमध्ये अक्षरं आहेत, पण ‘कि’ मधली पहिली वेलांटी क च्या आधी जाऊन बसत नाही, जोडाक्षरांत हलंत तसाच लोंबकळतो. क्यूटी अक्षरं जुळवणारा स्वतःचा हार्फबझ सोबत आणतं, त्यामुळे तिथे मराठी नीट दिसतं. म्हणजे मराठी मजकूर दाखवणारा संपादक किंवा शब्दकोश पोर्ट करायचा असेल तर देखण्या किटचा मोह बाजूला ठेवून क्यूटीच घ्यावं.

एवढं झाल्यावर दुसऱ्या संध्याकाळी बिल्ड. व्हर्च्युअल मशीनला ४ जीबी रॅम, दोन ते चार कोर आणि २० जीबी डिस्क दिली की मध्यम आकाराचा सी प्रकल्प आरामात होतो. जड सी++ असेल तर समांतर कामं दोनवर ठेवा. त्याआधी एक पथ्य: नेमका तोच कमिट लिनक्सवर बिल्ड करून त्याच्या चाचण्या चालवा आणि किती फसल्या ते लिहून ठेवा. तिथेच सात फसत असतील तर हायकूवरच्या नऊपैकी फक्त दोनच आपल्या. प्रत्येक चाचणीला वेळेची मर्यादा घाला. इथे चाचण्या फसण्याऐवजी अडकून बसण्याचं प्रमाण जास्त, कारण न येणाऱ्या घटनेची वाट बघणारा प्रोग्रॅम एरर देत नाही. अडकला तर एसट्रेस लावून शेवटचा सिस्टिम कॉल बघा, त्याची नावं ‘कर्न’ने सुरू झालेली दिसतील. क्रॅश झाला तर डीबगरला रिपोर्ट लिहायला सांगा, तो डेस्कटॉपवर मजकुराची फाइल ठेवतो.

बिल्ड झालं म्हणजे पोर्ट झाला असं नाही. हायकूपोर्टरची रेसिपी लिहा आणि बिल्ड पुन्हा तिच्यातून करा. तो बंद खोलीत, म्हणजे रेसिपीत नावाने मागितलेली पॅकेजेसच दिसतील अशा क्रूटमध्ये बिल्ड करतो, म्हणून मशीनवर सहज पडलेली एखादी लायब्ररी गुपचूप वापरली जात असेल तर ती इथे उघडी पडते. शेवटी तो धोरणाच्या इशाऱ्यांची यादी देतो: लायब्ररी जोडली आहे पण गरजांत नाही, हेडर चुकीच्या फोल्डरात, असं. ही यादी पाच ओळींची आहे की पन्नास, यावरून उरलेल्या कामाचा बराच अंदाज येतो.

आता पॅच हातात आहे. त्याच्या एकूण ओळी मोजण्यात अर्थ नाही. प्रत्येक बदललेली फाइल घ्या आणि मूळ रेपॉझिटरीत गेल्या दोन वर्षांत तिला किती कमिटांनी हात लावला ते गिटला विचारा. दोनशे ओळींचा पॅच, पण हायकूसाठी जोडलेल्या एका नव्या फाइलीत आणि बिल्डच्या एका ओळीत, तर तो वर्षानुवर्षं न कुरकुरता लागेल. पंधरा ओळींचाच पॅच, पण दर महिन्याला बदलणाऱ्या मुख्य लूपच्या मधोमध, तर प्रत्येक नव्या आवृत्तीला तो हाताने बसवावा लागणार. वर्षाला सहा आवृत्त्या काढणारा प्रकल्प असेल तर सहा वेळा. हा गुणाकार आवडत नसेल तर ‘नाही’ म्हणावं, प्रोग्रॅम काल रात्री पडद्यावर चालताना दिसला असला तरी.

किंवा पॅच वर, म्हणजे मूळ प्रकल्पाकडे, पाठवावा. वर पाठवताना जिथे जमेल तिथे सिस्टिमचं नाव घेऊ नका, सोय आहे का ते विचारणारी तपासणी लिहा. ‘हायकू असेल तर पोल वापरा’ हा पॅच देखभाल करणाऱ्याला परक्याचं ओझं वाटतो. ‘ईपोल नसेल तर पोल वापरा’ हाच पॅच बाकीच्या सिस्टिमांनाही उपयोगी पडतो, म्हणून आत जातो. लिबनेटवर्क जोडण्यासारख्या गोष्टी बिल्डच्या फाइलीतच राहतात, त्यांना सहसा कुणी हरकत घेत नाही. एररच्या उलट्या चिन्हांचे पॅच मात्र एकगठ्ठा पाठवू नका. एकेका फंक्शनाचे, कारणासह, वेगवेगळे पाठवा. वाचणाऱ्याने आयुष्यात ऋण एररनो पाहिलेला नसतो.

उत्तर ‘नाही’ आलं तर हायकूपोर्ट्सच्या इश्यूमध्ये चार गोष्टी टाकून ठेवाव्यात: कोणत्या आवृत्तीचा कोणता कमिट तपासला, हायकूची कोणती आवृत्ती होती, नेमकी कोणती डिपेंडन्सी आडवी आली आणि शेवटची एरर शब्दशः. दोन वर्षांनी ती डिपेंडन्सी डेपोत आली की तिचं नाव शोधणाऱ्याला तो इश्यू सापडतो आणि त्याची पहिली संध्याकाळ वाचते.